मागच्या चाकांचे शालिकभाऊ

शालिकभाऊ बोंद्रे माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, वजन किती तुमचं?"

मी मोटार विम्याची सर्व्हेअर. अपघातातल्या गाड्या पाहायच्या, काय मोडलं, कसं मोडलं याचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. पंधरा वर्षं नागपुरातल्या गॅरेजांमधून फिरल्यामुळे तिथल्या पुरुषांच्या नाना तऱ्हेच्या प्रश्नांची मला सवय झाली होती, पण हा प्रश्न नवा होता. त्या दिवशी मी कामासाठी नव्हे, माझी स्वतःची छोटी गाडी घेऊन गेले होते. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेनं झिजत होते आणि दोन ठिकाणी दाखवूनही फरक पडला नव्हता.

"माझं वजन कशाला पाहिजे?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"रिकामी गाडी कोण चालवते? तुमी बसल्यावर गाडी कशी उभी राहते, ते पाहा लागते न."

मी आकडा सांगितला, तोही तीन किलो कमी करून. त्यांनी तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या माझ्या सीटवर रचल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वर आणखी एक लहान पिशवी आपल्या मनानं ठेवली.

कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे त्यांचं अलायनमेंटचं, म्हणजे गाड्यांची चाकं सरळ करून द्यायचं, दुकान होतं. एका बाजूला बॅटरीवाला, दुसऱ्या बाजूला रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान. शालिकभाऊ तेव्हा साठीच्या जवळ आले होते. उंच, सडपातळ, चष्म्याच्या काड्यांना मागून काळी दोरी बांधलेली, आणि अंगात पांढरा शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. सगळे मिस्त्री काम झाल्यावर हात धुतात, शालिकभाऊ काम सुरू करण्याआधी धुवायचे. साबणानं, कोपरापर्यंत, सावकाश. मग स्वतः दुकान झाडायचे. फरशीवर एक खडा राहिला तरी चाक एका बाजूनं उचललं जातं, म्हणायचे. दर पावसाळ्यानंतर गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ते सगळी फरशी पुन्हा तपासायचे, कुठं खचली का म्हणून.

त्यांच्याकडे संगणकाचं मशीन होतं. पडद्यावर चारही चाकांचे कोन दिसायचे, हिरवे-लाल आकडे यायचे. ते सगळं ते पाहायचे, लिहून घ्यायचे, आणि मग चार कोपऱ्यांत चार लोखंडी स्टँड उभे करून गाडीच्या दोन्ही अंगांनी नायलॉनचा बारीक दोरा ताणायचे. पोलादी पट्टीनं दोऱ्यापासून चाकाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचे. पुढची कड, मागची कड, आणि पुन्हा एकदा.

"मशीनवर भरोसा नाही का?" मी विचारलं होतं.

"मशीन खरं बोलते. पन मशीन ज्या फरशीवर उभी हाये, ते फरशी खरी बोलते का, हे कोण सांगन?"

हे वेड त्यांनी खापरखेड्याहून आणलं होतं. त्यांचे वडील तिथल्या वीज केंद्रात राख वाहून नेण्याच्या विभागात होते, आणि घर कामगारांच्या वसाहतीत. तरुणपणी शालिकभाऊंनी तिथंच ठेकेदाराकडे फिटरचं काम केलं. वीस माणसांना हलणार नाही असा टर्बाइनचा दांडा केसाएवढाही वाकडा बसलेला चालत नाही, हे त्यांनी तिथं पाहिलं. पुढे कामठी रोडवर एका सरदारजींच्या हाताखाली ट्रकची चाकं सरळ करायला शिकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं.

बोलणं मोजकं. पण काही वाक्यं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. कोणी घाई केली की, "घाई असन तर उद्या या." आणि कोणी फक्त पुढची चाकं पाहून द्या म्हटलं की, "पुढचं चाक तुमचं आयकते. मागचं कोणाचंच आयकत नाई. त्याले आधीच समजावून ठेवा लागते."

एकदा मी तिथं असताना एक शाळेची व्हॅन आली. आत आठ-दहा मुलं. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, पाच मिनिटांत पाहून द्या, असं चालकाचं म्हणणं. शालिकभाऊ खाली वाकले, मागे गेले, पुन्हा वाकले. उठून सरळ खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"गाडी जात नाई," ते म्हणाले. "मागचा एक्सल पकडणारी पट्टी फाटली हाये."

चालक चिडला. शाळेला उशीर होतो, तुम्ही कोण अडवणारे, असं म्हणत त्यानं शालिकभाऊंची कॉलर धरली. शालिकभाऊंनी कॉलर सोडवली नाही, आवाजही चढवला नाही. तसेच कॉलर धरलेल्या अवस्थेत रफिकभाईंना हाक मारून म्हणाले, "भाई, दोन ऑटो बोलवा. पोट्ट्यायले शाळेत सोडा लागते." मुलं ऑटोत बसून गेली. मग चालकानं खाली वाकून ती फाटलेली पट्टी पाहिली आणि बराच वेळ तिथंच उकिडवा बसून राहिला.

मुद्दाम खाली बसवलेल्या गाड्यांसाठी शालिकभाऊंची विशेष ख्याती होती. हौशी पोरं स्प्रिंग बदलून स्पोर्ट्‌स कार जमिनीपासून चार बोटांवर आणतात. दिसायला ती झोकदार दिसते, पण गाडी खाली बसली की मागच्या चाकांची वरची बाजू आत झुकते आणि चाकं पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसासारखी होतात. टायर आतून झिजतात. शिवाय चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात, आणि हे जास्त वाईट. बाकीचे मिस्त्री अशा पोरांना हसायचे, नाहीतर लुबाडायचे. शालिकभाऊ दोन्ही करत नसत.

"आवड हाये त्यायची," ते मला म्हणाले होते. "आवड म्हणजे पाप थोडी हाये? फक्त नीट करून द्या लागते."

समीर त्यांच्याकडे आला तो असाच. पारशिवनीचा, सव्वीस वर्षांचा. वडील देविदासराव यांचा तिथं धान्याचा व्यापार. समीरनं जुनी लाल रंगाची दोन सीटची गाडी घेतली होती आणि खाली बसवली होती. वडिलांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. समीर शालिकभाऊंकडे दोन दिवस बसून होता. मागच्या दोन्ही चाकांना प्रत्येकी दोन, लांबी कमीजास्त करता येणारे नवीन दांडे बसवायचे होते. दांडा फिरवला की चाकाचं तोंड हवं तेवढं वळतं, आणि ते जुळलं की दांड्यावरचा नट कसून टाकायचा, म्हणजे तो पुन्हा फिरत नाही. शालिकभाऊ ठरलेल्या जोरानं नट कसायचे, पान्याचा 'टक्' असा आवाज आला की थांबायचे, आणि त्या नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे. पिवळी रेघ म्हणजे नट कसला, तपासला.

काम झालं. समीर गाडी घेऊन गेला. चार दिवसांनी, भर दुपारी, पारशिवनीच्या रस्त्यावर एका वळणावर गाडी मागून फिरली आणि रस्त्याकडेच्या बाभळीवर आदळली.

गाडीत समीर एकटाच होता. तो वाचला. धंतोलीतल्या एका रुग्णालयात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

गाडी पाहायचं काम माझ्याकडे आलं. ती एका यार्डात आणून टाकली होती. डावी बाजू पार चेपली होती, मागचं डावं चाक तिरकं लोंबत होतं. दांडा वाकलेला, नट जागेवरून सरकलेला. नटावर पिवळी रेघ होती. ती पाहिली आणि मी पुढे फारसा विचार केला नाही. आदळल्यावर सरकला असणार. खाली बसवलेली लाल गाडी, सव्वीस वर्षांचा मुलगा. पोलिसांनी अतिवेग लिहिलं होतं. गावातले लोक तेच म्हणत होते, वडीलही. समीर एकटा म्हणत होता की तो साठच्या वेगानं जात होता. मीही वेग असंच लिहिलं. अहवाल टाइप करून तयार होता, फक्त सही राहिली होती.

दुसऱ्या दिवशी शालिकभाऊंचा फोन आला. ते स्वतःहून फोन कधीच करत नसत.

"मॅडम, थे लाल गाडी तुमच्याकडेच हाये न? मले पाहू द्यान का?"

आम्ही यार्डात गेलो. त्यांनी नळावर हात धुतले. मग पांढऱ्या शर्टानिशी तिथल्या ऑइलमातीत सरळ पाठीवर झोपले आणि गाडीखाली सरकले. मी बाजूला उभी होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला.

"मॅडम, या इकडे. खाली वाका थोडं."

मी गुडघ्यावर बसून आत डोकावले. त्यांनी आधी उजव्या चाकाच्या दांड्याकडे बॅटरीचा उजेड धरला. नट थोडा सोडून दाखवला. खालच्या काळ्या रंगावर चकचकीत गोल वण उठला होता.

"हे पाहा. नट कसून बसला की रंग दबते, गोल वण पडते. आता हे पाहा."

त्यांनी उजेड डावीकडे नेला. तिथं रंग जसाच्या तसा होता. काळा, एकसारखा. वण नव्हता.

"हा नट मी कसलाच नाई," शालिकभाऊ म्हणाले. "खूण केली. कसला नाई."

ते बाहेर आले. शर्टाची पाठ काळी झाली होती. एका उलट्या टायरवर बसले आणि चष्मा काढून हातात धरला.

"चार दिवस हलून हलून दांडा फिरत गेला असन," ते म्हणाले, जणू दुसऱ्याच कोणी केलेल्या गाडीबद्दल सांगत होते. "चाकाचं तोंड बाहेर वळलं. सरळ रस्त्यानं कळलं नसन त्याले. वळणावर ब्रेक दाबला, अन् गाडी मागून गेली. साठवर बी जाते. खरं बोलून राहिला थो पोरगा."

मग मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "शालिकभाऊ, अहवाल लिहून झालाय. नटावर तुमची खूण आहे. हे कोणाला कळणार नाही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"तुमाले कळलं न आता," ते म्हणाले.

मी अहवाल फाडला. नवा लिहिला, तो वण असलेला आणि नसलेला असे दोन्ही फोटो लावून.

रुग्णालयात जायला त्यांनी मला सोबत बोलावलं नव्हतं, मीच गेले. खोलीच्या बाहेर त्यांनी चपला काढल्या. समीर पलंगावर पडलेला, भिंतीकडे तोंड करून. चादर डावीकडे मध्येच सपाट झालेली. देविदासराव खिडकीपाशी उभे होते. बापलेकांत दोन हात अंतर होतं, पण खोलीत पाऊल टाकताच कळत होतं की ते एकमेकांशी बोलत नाहीत.

शालिकभाऊंनी हात जोडले.

"मी शालिक बोंद्रे. याची गाडी मीच केली होती."

"मंग?" देविदासराव म्हणाले.

"मागच्या डाव्या चाकाचा नट मी कसला नव्हता. कसल्याची खूण केली, पन कसला नाई. म्हणून चाक फिरलं. याची चूक नाई. गाडी जोरात नव्हती. चूक माझी हाये."

समीरनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"बाबा," तो म्हणाला, "मी सांगत होतो न. साठवरच होतो मी. सांगत होतो न मी तुमाले?"

आणि तो रडायला लागला. पाय काढल्यापासून तो रडलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. देविदासरावांनी पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी पकडला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाल्यासारखा दिसला.

"पंधरा दिवस हा मले हेच सांगून राहिला," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. "पंधरा दिवस. अन् मी याले म्हटलं, तुह्या मस्तीनं गेला पाय."

ते मुलाच्या उशाशी बसले. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो हात मध्येच थांबला, मग ठेवला. थोड्या वेळानं शालिकभाऊंकडे न पाहता म्हणाले, "तुमी जा आता इथून. मी काय करीन, मले माहीत नाई. तुमी जा."

शालिकभाऊ पुन्हा हात जोडून निघाले. जिने उतरून आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते अनवाणी आहेत. चैत्रातलं ऊन होतं, डांबर तापलेलं होतं. मी परत वर जाऊन चपला आणल्या. त्यांनी त्या घातल्या, आणि म्हणाले, "पोलीस स्टेशन कोणत्या अंगाला हाये इथलं? अपघात तिकडचा हाये, पन इथं लिहून घेतात का, इचारतो."

तिथं लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बस पकडून ते अपघात झाला त्या हद्दीतल्या ठाण्यात गेले आणि जबाब देऊन आले.

पुढचं वर्ष त्यांना कठीण गेलं. केस उभी राहिली. दुकान त्यांनी बंद केलं नाही. रोज सकाळी यायचे, हात धुवायचे, फरशी झाडायचे, आणि बसून राहायचे. हवा भरणं, टायर बदलणं एवढंच करायचे. दोरा ताणणं बंद. कोणी अलायनमेंटला आलं की चौकातलं दुसरं दुकान दाखवायचे. कोणी चौकशीखातर, कोणी नुसतीच मजा म्हणून विचारलं, की काय हो, काय झालं होतं त्या लाल गाडीचं, तर ते प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचे. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. विचारणाराच ओशाळून निघून जायचा.

एकदा मी चिडून म्हटलं, "रोज रोज कशाला सांगता?"

"इचारते तर सांगा लागते न बाप्पा," ते म्हणाले.

त्या पौषात त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी गेल्या. त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं मला माहीत होतं. आठवड्यातून दोनदा त्यांना धंतोलीत डायलिसिसला न्यावं लागायचं. तेरवीला मी खापरखेड्याला गेले. जेवणं झाल्यावर अंगणात रफिकभाई माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचे डोळे लाल होते.

"एक बात बोलूं क्या, मॅडम?" ते म्हणाले. "शालिकभाऊ किसी को बोलते नहीं. काम करते वक्त अपना मोबाइल बंद रखते थे, अस्पताल में मेरा नंबर दिया था. जिस दिन वो लाल गाडी का काम चालू था, उसी टाइम फोन आया. भाभी का बीपी एकदम गिर गया था मशीन पर. मैं ही दौड के गया बोलने को. वो गाडी के नीचे थे. वैसे ही उठे और भागे. लडका तब खाना खाने गया था."

या गोष्टीचा उल्लेख जबाबात नव्हता, रुग्णालयातल्या त्या खोलीत नव्हता, कोर्टात नव्हता. एवढं एक वाक्य बोलले असते, तर निदान माणसांच्या नजरा बदलल्या असत्या. देविदासरावांचीही बदलली असती.

पाहुणे पांगल्यावर मी शालिकभाऊंना गाठलं. ते ओसरीवर बसून पत्रावळी एकात एक रचत होते.

"फोनचं का नाही सांगितलं कोणाला?"

त्यांनी रफिकभाईंच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग पत्रावळी खाली ठेवल्या.

"मंग ते तिच्या माथी गेलं असतं," ते म्हणाले. "दोनदा सुया टोचून घेत होती ते, दर हप्त्याले. वरून हे काहून देऊ तिले? म्हणाली असती, माह्यापायी त्या पोराचा पाय गेला. जेवली नसती."

"पण खरं तर तेच होतं ना?"

"नाई." त्यांनी मान हलवली. "पुरतं खरं नाई ते. फोन आला, हे खरं. पन पिवळा रंग मी फोनच्या आधीच लावला होता. चारही नटायले लावला, अन् मंग कसायले बसलो. असं मी कधीच केलं नव्हतं. आधी कसतो, मंग रंग. त्या दिवशी सकाळपासून वाटून राहिलं होतं का तिचं काही खरं नाई, लवकर आवरा लागते. दुसऱ्याले म्हणतो, घाई असन तर उद्या या. अन् मीच घाई केली." मग म्हणाले, "संध्याकाळी परत आलो, रंग दिसला, कसला हाये समजून गाडी देऊन टाकली. फोन नसता आला, तर कसला असता. पन रंग तर लावलाच होता न."

त्यांनी पुन्हा पत्रावळी उचलल्या. मी तिथून उठले.

उन्हाळा सरताना कोर्टातलं प्रकरण संपलं. समीरनं तडजोडीला संमती दिली आणि कोर्टानं ती मान्य केली. त्यानंतर महिनाभरानं, एका रविवारी सकाळी, समीरचा मला फोन आला.

"मॅडम, आम्ही शालिककाकांकडे चाललो. तुमी याल का? ते नाई म्हणतील. तुमी असल्या तर बरं होईन."

मी पोहोचले तेव्हा दुकानासमोर एक काळी गाडी उभी होती. क्लच नसलेली, ऑटोमॅटिक. आणि जमिनीपासून चार बोटांवर. समीर कृत्रिम पायावर उभा होता, काठी न घेता. गाडीच्या दुसऱ्या दारातून देविदासराव उतरले.

शालिकभाऊ आतून बाहेर आले. त्यांना पाहून दारातच थांबले.

"याची गाडी हाये," देविदासराव म्हणाले. "पाय गेला, नाद नाई गेला. मागची चाकं पाहून द्या."

"मी करत नाई आता अलायनमेंट."

"काहून?"

"हाताचा भरोसा नाई राहिला मले."

देविदासरावांनी घाम पुसला. मग म्हणाले, "हाताचा मले बी नाई. पन तुमच्या तोंडाचा हाये. नट राहिला, तर तुमी सांगान."

शालिकभाऊंनी मान खाली घातली. मी काहीतरी बोलायला पुढे झाले आणि थांबले. माझी गरज नव्हती. ते वळून आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

काम दुपारपर्यंत चाललं. समीर फरशीवर बसला, तो पाय समोर लांब पसरून, शालिकभाऊंच्या खांद्याला खांदा लावून. दोरा ताणून झाला, अंतरं मोजून झाली, दांडे फिरवून झाले. कसायची वेळ आली तेव्हा शालिकभाऊंनी पान्याची मूठ समीरच्या हातात दिली आणि वर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून ओढला. टक्. दुसरा नट, टक्. तिसरा. चौथ्याला शालिकभाऊ थांबले.

"होऊ द्या काका," समीर म्हणाला. "मी हाओ न."

टक् झालं.

ते उठले नाहीत. दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथंच बसून राहिले. रफिकभाईंनी दारातून पाहिलं आणि ते परत गेले. देविदासराव माठापाशी गेले, पेला भरून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. शालिकभाऊंनी तो घेतला.

"आता चालवून पाहा लागते," थोड्या वेळानं शालिकभाऊ म्हणाले.

"तुमीच बसा माह्या बाजूले," समीर म्हणाला.

दोघं गेले. देविदासराव आणि मी दुकानात बसलो. त्यांनी एकदा मला विचारलं की शालिकभाऊंच्या घरी कोणी वारलं होतं का, आणि मी कुसुमवहिनींचं सांगितलं. सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी फक्त, "फोन आला तो कोणता वार होता?" असं विचारलं. मी सांगितला. ते उठून रस्त्याकडे पाहत उभे राहिले.

पाऊण तासानं काळी गाडी चौकाच्या बाजूनं परत येताना दिसली. एकसारखी, सरळ, सावकाश. त्या दिवशी मला लगेच निघायचं होतं, पुढच्याच महिन्यात माझं काम चंद्रपूरला गेलं, आणि नंतर कळलं की शालिकभाऊही दुकान आवरून मौद्याकडे बहिणीच्या गावी राहायला गेले. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, त्या गाडीच्या काचेतून. त्यांची मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकावर घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं. गाढ झोपले होते.

गाडी दुकानासमोर आली. देविदासराव हात वर करून पुढे झाले. आतून समीरनं त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, आणि गाडी न थांबवता, न वळवता, तशीच पुढे कामठीच्या बाजूला नेली.

देविदासराव परत येऊन स्टुलावर बसले.

"झोपू द्या त्यायले," ते म्हणाले.